तुपाच्या जातीचं

समईत डिझेल घालणारा वॉटफर्डमधला पहिला मराठी माणूस मी. दुसरा अजून झालेला नाही, आणि होऊ नये म्हणून आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या बायका मला आजही देवघरापासून चार हात लांब ठेवतात.

झालं ते असं. बर्व्यांकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. हळदीकुंकवात पुरुषांचं काम काय, तर सगळ्यांचे कोट सांभाळायचे आणि कुणाला दिसणार नाही अशा ठिकाणी उभं राहायचं. मी स्वयंपाकघरात उभा होतो. तेवढ्यात बर्व्यांच्या बायकोने, मालतीवहिनींनी, बाहेरच्या खोलीतून आवाज दिला, "लिमये, समईतलं तेल संपत आलंय, वर्कटॉपवरची बाटली आणता का?" वर्कटॉपवर एक छोटी काचेची बाटली होती. आत फिकट पिवळं, स्वच्छ, तिळाचं असावं असं तेल. मी नुसती नेऊन दिली असती तरी भागलं असतं, पण मला सेवाभावाचा झटका आला आणि मी ती स्वतःच समईत ओतली. बाटलीवर हॉस्पिटलातलं रक्ततपासणीचं लेबल होतं. ते वाचायला हवं होतं. पण चष्मा कोटात, आणि माझा कोट सगळ्या कोटांच्या तळाशी.

आधी वात जरा तडतडली. मग काळ्या धुराची एक शेंडी सरळ छताकडे गेली आणि खोलीभर असा वास सुटला, की जणू वॉटफर्ड जंक्शनबाहेरचा बसड्रायव्हर इंजिन चालू ठेवून आत चहा प्यायला गेलाय. बायका पदर नाकाला लावून बसल्या. एक बाई म्हणाल्या, या देशात तेलसुद्धा धड मिळत नाही.

मागच्या बागेतून बर्वे धावत आले. मला वाटलं, आता आपली धडगत नाही. त्यांनी समईकडे पाहिलं, माझ्या हातातल्या बाटलीकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"पेटलं? म्हणजे थिजलं नव्हतं."

मग लगेच तो मावळला. "पण लिमये, ते बायपासच्या पंपावरचं सँपल होतं हो. शेवटचं."

मालतीवहिनींनी समई उचलली, बागेत नेऊन विझवली आणि परत येऊन जणू काही झालंच नाही अशा चेहऱ्याने तिळगूळ वाटायला लागल्या. पैठणीखाली त्यांच्या पायात जाड लोकरीचे मोजे होते. ते माझ्या लक्षात आलं, पण दुसऱ्याच्या बायकोच्या मोज्यांबद्दल विचारायचं कसं आणि कुणाला.

आमच्या वॉटफर्डमध्ये तेव्हा तीन बर्वे होते. एक दाताचे बर्वे, एक टेबलटेनिसचे बर्वे आणि हे डिझेल बर्वे. खरं तर हे रक्ताचे डॉक्टर. माझी बायको सुनंदा लहान मुलांची डॉक्टर आहे. ती ज्या हॉस्पिटलात काम करते तिथेच हे पॅथॉलॉजीत कन्सल्टंट. (मी कुणीच नाही. मी सुनंदाच्या सामानाबरोबर आलो आणि कौन्सिलमध्ये पार्किंगच्या तक्रारी वाचायला लागलो.) दिवसभर हा माणूस लोकांचं रक्त काचेवर पसरून बघायचा. पण त्यावर जर का त्याला कुणी प्रश्न विचारला, तर एका वाक्यात उत्तर. डिझेलबद्दल विचारायची गरजच नसायची.

त्यांच्याकडे साबुदाण्याच्या वड्याच्या रंगाची, लांब डिकीची एक डिझेल इस्टेट गाडी होती. त्या काळात इंग्लंडमध्ये डिझेल म्हणजे ट्रक आणि टॅक्सी. कन्सल्टंट डॉक्टरने डिझेल गाडी घेणं हे कन्सल्टंट डॉक्टरने नांगर घेण्यासारखंच होतं. गाडी सुरू झाली की आमच्या गल्लीतल्या कपाटातल्या कपबश्या वाजायच्या. आणि नोव्हेंबर उजाडला की बर्व्यांना एकच चिंता लागायची.

"गोठत नाही हो," ते म्हणायचे. "शब्द नीट वापरा. पाणी गोठतं, रक्त साकळतं, तूप थिजतं. डिझेल हे तुपाच्या जातीचं. त्यात मेण असतं. थंडीत ते मेण थिजतं आणि इंजिनाच्या गाळणीत अडकून बसतं, चहाच्या गाळण्यात साय अडकते तसं. टाकीत भरपूर डिझेल, आणि इंजिन उपाशी. इंग्रजाकडे या सगळ्याला मिळून एकच शब्द, फ्रीझ. म्हणून तर यांच्या गाड्या बंद पडतात."

भाषा आणि मोटारदुरुस्ती यांचा असा थेट संबंध मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेला नाही.

फोन केला की "हॅलो" नाही, "कसं काय" नाही. "टाकी भरली का?" माझी गाडी पेट्रोलची, असं मी दर वेळी सांगायचो, आणि दर वेळी ते एखाद्याचं लग्न मोडल्याचं कळल्यासारखे "अरेरे" म्हणायचे. पेट्रोलला थंडीचं काही नसतं. आमच्याकडे थंडीचा त्रास एवढाच, की काचेवर बर्फ साचतो. सकाळी अंधारात बाहेरून सुनंदाच्या काच खरवडण्याचा आवाज आला, की मला कळायचं, अजून अर्धा तास झोपता येईल.

बर्व्यांच्या खिडकीबाहेर सँपलच्या बाटल्यांची रांग असायची. प्रत्येक पंपाची वेगळी. लेबलवर नाव: बायपास. लिंग: ही जागा कोरी. तक्रार: पहाटे गढूळपणा. कामावर जाण्याआधी ते बाटली उजेडात धरून हलवायचे, आणि आत ढग दिसला तर तो पंप त्या हिवाळ्यापुरता बाद. पंपावर ऑक्टोबरनंतर हिवाळी डिझेल येतं, थंडीत टिकणारं, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. मग टाकीत उरलेल्या उन्हाळी डिझेलचं काय करायचं? ते जाळून संपवायचं. त्या वर्षी लंडनभोवतीचा एम ट्वेंटीफाइव्ह हा मोठा रस्ता नुकताच पुरा गोल झाला होता. बर्व्यांनी एका रविवारी सकाळी डबा घेतला, वॉटफर्डहून निघाले, लंडनला एक पूर्ण प्रदक्षिणा घातली आणि वॉटफर्डला परत येऊन टाकी भरली. कुठे गेला होतात विचारलं तर म्हणाले, "कुठेच नाही," आणि ते अक्षरशः खरं होतं.

शिवाय गाडीला गोधडी. अस्सल, जुन्या लुगड्यांची, पुण्याहून आलेली. रोज संध्याकाळी ते ती बॉनेटवर घालायचे, कडा नीट खोचायचे आणि वरून दोनदा थोपटायचे. पलीकडच्या मिसेस हॅरिसनी एकदा मला कुंपणाशी गाठून हळूच विचारलं, हे धार्मिक आहे का? समजावून सांगायचं तर मेणापासून सुरुवात करावी लागली असती. मी हो म्हणालो. त्या ख्रिसमसला बाईंनी मोठ्या श्रद्धेने बॉनेटवर एक मिन्स पाय, म्हणजे त्यांची मनुका भरलेली ख्रिसमसची करंजी, ठेवला. बर्व्यांनी तो खाल्ला आणि मला म्हणाले, "इंग्रजांत चांगली माणसं आहेत, पण का वागतात असं ते कळत नाही."

मंडळाने एकदा 'हिवाळा आणि आपण' या विषयावर त्यांचं भाषण ठेवलं. डॉक्टर माणूस, सर्दीपडशाबद्दल बोलेल, म्हणून बायका कागदपेन घेऊन आल्या. बर्व्यांनी मेणापासून सुरुवात केली. दाताचे बर्वे मध्येच उठून म्हणाले, गाडीत थोडं रॉकेल घातलं की काम होतं, आमचा मेकॅनिक घालतो. डिझेल बर्वे त्यांच्याकडे बघत राहिले. "तुम्ही तुपात डालडा घालता का?" त्यांनी विचारलं. सभेत हशा पिकला, पण ते हसले नाहीत. त्यानंतर या दोन बर्व्यांमध्ये बोलणं राहिलं नाही, आणि एकाचा दात दुखला तेव्हा तो ल्यूटनला जाऊन काढून आला.

समईच्या प्रकरणानंतरच्या उन्हाळ्यात मालतीवहिनी पुण्याला गेल्या. वडील आजारी होते. चार-सहा महिन्यांसाठी म्हणून गेल्या, आणि हिवाळा आला तरी परतल्या नाहीत. वडील गेल्याचं कळलं. त्यालाही बरेच महिने झाले. पुन्हा नोव्हेंबर आला. मंडळात कुजबूज सुरू झाली, की त्या आता तिकडेच राहणार. डिझेलला कंटाळून गेली बिचारी, असं कुणीतरी म्हणालं आणि मी इतरांबरोबर हसलो. बर्व्यांना विचारलं तर ते म्हणायचे, "येईल. टाकी भरली का?"

लंडनची ती प्रदक्षिणा त्याच नोव्हेंबरातली.

आणि मग जानेवारीत ती थंडी आली. रशियाकडून वारा सुटला आणि आमच्या गल्लीचा फ्रीझरमधल्या मटारसारखा एकच ठोकळा झाला. माझी गाडी बॅटरीसकट वारली. मी उद्योग म्हणून खिडकीशी उभा राहून बर्फाकडे बघत होतो. एका शनिवारी सकाळी बर्वे दारात आले. कानटोपी, मफलर, ओव्हरकोट, आणि दोन्ही काखांत एकेक गरम पाण्याची रबरी पिशवी.

"लिमये, हीथ्रोला येता का? पिशवी धरायला माणूस हवा."

"कोण येतंय?"

"मालती," ते म्हणाले, आणि पायपुसण्यावर बूट पुसायला लागले. आत यायचं नसतानाच.

सुनंदा तेव्हाच ड्यूटीवरून आली होती. तिला माहीत होतं. मालतीवहिनींनी तिला पुण्याहून फोन केला होता, एअरपोर्टहून वॉटफर्डला बस असते का विचारायला, आणि हिने सांगितलं होतं की असते. "तुम्ही जा," ती मला म्हणाली. "आणि वाटेत त्यांना बोलू दे."

निघण्याआधी बर्व्यांनी गोधडी काढली, बॉनेट उघडलं आणि एक पिशवी डिझेलच्या फिल्टरवर, म्हणजे त्या गाळणीवर, शेकायला ठेवली. आजारी माणसाच्या पोटावर ठेवतात तशी. दुसरी माझ्या मांडीवर दिली. तिला हाताने विणलेलं जांभळं कव्हर होतं.

"ही फिल्टरची नाही. ही सांभाळा."

गाडी एका किल्लीत सुरू झाली. गल्लीत कपबश्या वाजल्या. मिसेस हॅरिस खिडकीत येऊन नमस्कारासारखं काहीतरी करून गेल्या.

रस्त्यावर शुकशुकाट होता. एम ट्वेंटीफाइव्हच्या कडेला ओळीने ट्रक उभे, डिझेल थिजून मेलेले. एक ड्रायव्हर टाकीखाली वर्तमानपत्राचा बोळा पेटवून शेकत होता. एरवी बर्वे थांबून, त्या माणसाला मेणापासून सगळं सांगून, वर त्याच्या टाकीचं सँपल घेऊन आले असते. त्यांचा पाय ब्रेककडे गेलेला मी पाहिला. मग तो परत ॲक्सिलरेटरवर आला.

"आज नाही," ते म्हणाले.

त्यांना बोलू द्यायला मला काही करावं लागलं नाही. थोड्या वेळाने त्यांनीच सुरुवात केली, समोर बघत, तपासणीचा रिपोर्ट वाचावा तसं.

लग्न करून ते एकटेच पुढे आले होते. मालतीवहिनी मागाहून, जानेवारीत. पहिलाच विमानप्रवास, पहिलीच थंडी. त्यांना आणायला बर्व्यांनी एका मित्राची व्हॅन घेतली. डिझेलची. ती निम्म्या वाटेत खोकली आणि थांबली. "मी डॉक्टर, मला काय कळतंय. मला वाटलं बॅटरी." मग चालत, मग कुणाच्या दुधाच्या गाडीतून, मग परत चालत. पोचायला दुपार झाली.

"ती बाकावर बसली होती. नायलॉनची साडी, पायात कोल्हापुरी चपला. सगळी माणसं आपापल्या घरी निघून गेलेली. मला पाहून उठली नाही. मला वाटलं, रागावली. रागावली नव्हती हो. तिला उठताच येत नव्हतं."

"काय म्हणाल्या?"

"काही नाही. इतक्या वर्षांत त्या दिवसाचं तिने नावसुद्धा काढलेलं नाही. जुलैमध्ये मोजे घालते, तेवढंच." गाडी जरा पुढे गेली. "परवा फोनवर म्हणाली, तुम्ही घ्यायला येऊ नका. थंडी आहे म्हणतात, गाडी बंद पडेल. मी बसने येईन."

आता कळलं, प्रश्न त्या येणार की नाही हा नव्हताच. वहिनी येणार होत्या. त्या बाहेर येऊन इकडेतिकडे बघणार नाहीत, सरळ बसकडे जातील, ही बर्व्यांची भीती होती. त्यांच्याआधी पोचणं, एवढंच त्या माणसाला आयुष्यात करायचं राहिलं होतं.

आणि एअरपोर्टची पाटी दिसल्यावर गाडी खोकली.

एकदा. मग परत. बर्व्यांचा चेहरा मी पाहिला आणि बाहेर बघायला लागलो. त्यांनी गाडी कडेला घेतली, उतरून बॉनेट उघडलं, आतली पिशवी चाचपली आणि परत माझ्या दाराशी आले. फिल्टरवरची पिशवी गार पडली होती. पाणी उकळायला तिथे काय होतं, बर्फ.

मी माझ्या मांडीवरची जांभळी पिशवी पुढे केली. तिची ऊब माझ्या कोटाखाली चांगली टिकली होती. ते ती घेईनात.

"ती फिल्टरची नाही."

"बर्वे, तिथे चहाचं दुकान असेल. पाणी परत भरता येईल. उशीर झाला तर तो भरून काढता येणार नाही."

हे वाक्य मी कसं बोललो, मला माहीत नाही. मला सहसा योग्य वाक्य नंतर, घरी, अंघोळीच्या वेळी सुचतं. बर्व्यांनी पिशवी घेतली. कव्हर काढून खिशात ठेवलं आणि ती फिल्टरवर दाबून धरून उभे राहिले, डोळे मिटून, नाडी बघावी तसे. मग इंजिन एकदा हुंदकलं आणि चालायला लागलं.

आम्ही विमानाच्या आधी पोचलो. इतके आधी, की बोर्डावर विमानाचं नावही चढलं नव्हतं. बर्वे चहाच्या काउंटरवर गेले आणि तिथल्या मुलीला म्हणाले, चहा नको, नुसतं उकळतं पाणी, या पिशवीत. "कुणी आजारी आहे का, लव्ह?" तिने विचारलं. "नो," बर्वे म्हणाले, "अरायव्हिंग." थोड्या वेळाने ते पाणी गार झालं म्हणून परत भरायला गेले. मग परत. शेवटी ती मुलगी विचारेनाशी झाली, नुसती हात पुढे करायची.

मालतीवहिनी बाहेर आल्या त्या ट्रॉली ढकलत, वर टांगलेल्या पाट्या वाचत. रेलिंगपलीकडे एवढी माणसं, पण एकाही चेहऱ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. बसचा बाण शोधला आणि तिकडे वळल्या.

बर्व्यांनी हाक मारायला तोंड उघडलं. सगळ्या वॉटफर्डला डिझेल ऐकवणारा माणूस, आणि बायकोच्या नावाची तीन अक्षरं गाळणीत अडकलेली. शेवटी मीच "वहिनी" म्हणून हाक मारली. त्यांनी मान वळवली. मला बघून त्यांना आश्चर्य वाटलं. मग माझ्या शेजारी बघितलं.

"गाडी?" त्यांनी विचारलं.

"बाहेर आहे. चालते."

"चालत आली?"

"एकदा खोकली," बर्वे म्हणाले. त्यांना खोटं बोलता येत नाही. "बस जरा."

त्या बाकावर बसल्या. आमचा कन्सल्टंट एअरपोर्टच्या त्या ओल्या फरशीवर ओव्हरकोटासकट उकिडवा बसला, खिशातून जांभळं कव्हर काढलं, ते पिशवीवर चढवलं आणि पिशवी वहिनींच्या पावलांवर ठेवली. कडा नीट बसवल्या. वरून दोनदा थोपटलं.

"थिजलीस?" त्यांनी विचारलं.

फक्त तुपाला आणि डिझेलला लावायचा शब्द. मी ट्रॉलीवरच्या बॅगांची लेबलं वाचायला लागलो. वाचण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"तेव्हा थिजले होते," वहिनी म्हणाल्या. "आज नाही."

मग वहिनींनी नाक जरा आक्रसलं. "हिला डिझेलचा वास येतोय."

"येणारच," बर्वे म्हणाले, आणि सुरू झाले. मेणापासून. फिल्टर, गार पडलेली पिशवी, गरम पिशवी, कडेला उभे ट्रक. वहिनी पूर्ण ऐकत होत्या. मध्येच एक शंकासुद्धा विचारली. हे भाषण शेवटपर्यंत ऐकणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि माझ्या लक्षात आलं, की इतकी वर्षं ते सगळ्या वॉटफर्डला ऐकवलं गेलं, पण लिहिलं होतं ते एकाच माणसासाठी.

उठताना त्यांची नजर माझ्याकडे गेली. "लिमये, आभारी आहे हं. चहाला या सगळे. पण समईला हात लावू नका."

परतताना मी मागे बसलो, बॅगांच्या मध्ये. मांडीवर तुपाचा डबा होता, पुण्याहून आणलेला. हीटरच्या उबेने तो हळूहळू आतून डुचमळायला लागला होता.

घरी येऊन मी सुनंदाला सगळं सांगितलं. चहाचा कप दोन्ही हातांत धरून ती ऐकत होती. माझं सांगून झालं तरी तिने कप खाली ठेवला नाही. मला वाटलं, डोळ्यांत पाणीबिणी आलंय की काय, म्हणून मी मराठी भाषेच्या समृद्धीकडे वळलो. बघ ना, म्हटलं, आपल्याकडे प्रत्येक गोष्टीला कसं वेगळं क्रियापद आहे. तुझ्या गाडीच्या काचेवर सकाळी जे साचतं, त्याला आता नक्की काय म्हणावं...

"अहो," सुनंदा म्हणाली, "उद्या माझी सकाळची ड्यूटी आहे. त्याला काय म्हणतात ते नका सांगू. माझ्याआधी उठा, आणि खरवडून ठेवा."